इंग्रजीतले रोजचे शब्द आणि वाक्प्रचार चेक भाषेत कसे आणायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण, नोकरी किंवा लग्नाच्या निमित्ताने चेक प्रजासत्ताकात आलेल्या मराठी माणसांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा साचा एकच असतो: 'इंग्रजीत असं म्हणतात, मग चेकमध्ये काय म्हणू?' माझं पहिलं सांगणं असं की ते वाक्य आधी मराठीत म्हणून पाहा. चेक आणि मराठी या दोन भाषा कितीतरी ठिकाणी एकाच पद्धतीने विचार करतात, आणि इंग्रजी मध्ये आली की ते दिसेनासं होतं. म्हणून खाली जिथे जमलं तिथे वाट मराठीतूनच दाखवली आहे.

१. चेक शब्द देवनागरीत लिहिलेत, ते वाचायचे कसे?

जवळपास जसे लिहिले तसे. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर द्यायचा. 'त्स' हा एकच आवाज आहे. 'ख' घशातून, घासून काढायचा, तर 'ह' आपलाच. 'र्झ' हा चेकचा खास आवाज: जीभ 'र'साठी थरथरत असतानाच 'झ'कडे वळवायची. इथे 'झ' हे एकच अक्षर चेकमधल्या दोन वेगळ्या आवाजांसाठी वापरलं आहे, आणि आखूड-लांब स्वरांतला फरकही देवनागरीत सगळीकडे दाखवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक शब्द एकदा तरी चेक माणसाच्या तोंडून ऐका.

२. 'प्लीज' म्हणजे 'प्रोसीम', मग हॉटेलातला माणूस मला ताट देताना 'प्रोसीम' का म्हणतो?

कारण 'प्रोसीम' एकटाच पाच-सहा कामं करतो. विनंती करताना तो 'कृपया' असतो. वस्तू हातात देताना 'हे घ्या', आभाराला उत्तर म्हणून 'अहो, त्यात काय', ऐकू आलं नाही की 'काय म्हणालात?' आणि फोन उचलल्यावर 'हॅलो'. कोणी 'द्येकुयि' (आभारी आहे) म्हटलं आणि तुम्हाला काहीच सुचलं नाही, तर 'प्रोसीम' म्हणा, चुकत नाही.

३. चेक माणूस फोनवर सारखा 'नो, नो' म्हणतो. तो नकार देतोय का?

उलट, तो होकार देतोय. 'नो' म्हणजे आपलं 'हं' किंवा 'हो ना'. सरळ होकार 'आनो', बोलीतला होकार 'यो', आणि नकार 'ने'. घरमालकाने 'नो यो' म्हटलं तर 'बरं, तसंच आहे' एवढाच अर्थ घ्यायचा.

नकाराबद्दल आणखी एक. इंग्रजीत एका वाक्यात दोन नकार चालत नाहीत, चेकमध्ये ते लागतातच: 'निग्दो नित्स नेवी', म्हणजे शब्दशः 'कोणी-नाही काही-नाही जाणत-नाही'. एक नकार गाळला तर वाक्य मोडतं.

४. 'हाउ आर यू?' साठी काय?

'याक से माते?' (तुम्ही कसे आहात?) आणि ओळखीत 'याक से माश?' (तू कसा आहेस?). इंग्रजीत हा प्रश्न निव्वळ नमस्कारासारखा वापरतात, उत्तराची वाट कोणी पाहत नाही. चेक माणूस मात्र विचारतो तेव्हा ऐकायला थांबतो, आणि त्याला तुम्ही विचारलंत तर पाठदुखीपासून सासूपर्यंत खरं उत्तर मिळू शकतं. दुकानात, लिफ्टमध्ये 'दोब्री देन' (नमस्कार) पुरे. साधं उत्तर हवं असेल तर 'यदे तो', शब्दशः 'चाललंय'. हे तर थेट आपलंच.

५. 'यू' म्हणजे तू की तुम्ही? ऑफिसात काय वापरू?

'ति' म्हणजे तू, 'वि' म्हणजे तुम्ही. अनोळखी मोठ्या माणसाला 'वि'. 'ति'वर येण्याचा प्रस्ताव वयाने मोठ्या माणसाने, वरिष्ठाने किंवा पुरुष-स्त्री असतील तर स्त्रीने मांडायचा, असा शिष्टाचार आहे. तो मांडला जाईपर्यंत थांबा. बऱ्याच आयटी कंपन्यांत पहिल्या दिवसापासून 'ति' चालतं, पण त्याच इमारतीतल्या सुरक्षारक्षकाला 'वि'च म्हणायचं.

आपल्यापेक्षा वेगळं काय, तर आज चेक मुलं आई, वडील, आजी, आजोबा सगळ्यांना 'ति' म्हणतात. आपल्याकडे अनेक घरांत आई 'तू' आणि बाबा 'तुम्ही' असतात, तसा भेद तिथे नाही. आपल्या 'आपण'साठीही वेगळं रूप नाही.

खाचखळगा व्याकरणात आहे. एकाच माणसाला 'वि' म्हणताना भूतकाळातलं सहायक क्रियापद अनेकवचनी होतं, पण मुख्य रूप एकवचनीच राहतं: 'वि स्ते बिल' (तुम्ही होतात, एक पुरुष), 'वि स्ते बिला' (एक स्त्री). 'वि स्ते बिलि' म्हटलं की समोर अनेक माणसं आहेत असा अर्थ होतो. मराठी सवयीने आपण सगळंच अनेकवचनी करायला जातो.

६. 'सॉरी' एकच आहे का?

नाही. धक्का लागला तर 'पार्दोन' किंवा 'प्रोमिन्यते'. खरोखर माफी मागायची तर 'ओम्लोउवाम से'. वाईट बातमी ऐकल्यावर 'ये मि तो लीतो' (मला वाईट वाटतं). कोणी गेलं असेल तर 'उप्र्झीम्नोउ सोउस्त्रास्त'. अंत्यविधीला 'प्रोमिन्यते' म्हणू नका, कारण त्यातून तुम्ही स्वतःच्या चुकीची माफी मागताय असं होतं. तरुण मुलं इंग्रजी 'सॉरी'ही सर्रास म्हणतात, तेही आपापसातच ठीक.

७. 'आय नो'साठी शब्दकोशात तीन क्रियापदं दिसतात. कोणतं घेऊ?

इथे मराठी माणसाला काही पाठ करायची गरज नाही, कारण आपल्याकडेही तीनच आहेत आणि त्यांची वाटणीही तशीच आहे.

मला माहीत आहे: 'वीम'. मी त्याला ओळखतो: 'झ्नाम हो'. मला चेक येते: 'उमीम चेस्कि'.

'माहीत असणे', 'ओळखणे' आणि 'येणे' यांत तुमची कधी गल्लत होत नाही ना? मग इथेही होणार नाही, फक्त इंग्रजी 'नो' डोक्यातून काढा.

८. आणि 'कॅन'?

त्याचंही तेच. पोहता येतं (शिकलो आहे) तर 'उमीम प्लावात'. आज वेळ आहे, पोहू शकतो, तर 'मूझु प्लावात'. इथे पोहलं तर चालेल का, असं विचारायचं तर 'स्मीम'. परवानगीसाठी रोजच्या बोलण्यात 'मूझु'सुद्धा चालतं, पण 'नेस्मीते' ऐकलंत तर ती सक्त मनाई समजा.

९. 'आय मिस यू', 'आय ॲम कोल्ड', 'आय ॲम थर्टी' ही वाक्यं जमतच नाहीत.

इंग्रजीत प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर 'मी' बसतो. चेकमध्ये आणि मराठीत अनुभव येतो, तो 'मला' येतो. पाहा:

मला थंडी वाजतेय: 'ये मि झिमा'. मला उकडतंय: 'ये मि होर्को'. मला तिसावं पूर्ण झालं: 'ये मि त्र्झित्सेत'. मला तुझी आठवण येते: 'स्तीस्का से मि पो तोब्ये'. या सगळ्यांतला 'मि' म्हणजे आपला 'मला'.

'आय मिस यू'साठी 'खिबीश मि'सुद्धा आहे. त्याचा कर्ता 'तू' आहे: तू माझ्यापाशी नाहीस, उणा आहेस. इंग्रजीच्या क्रमाने कर्ता 'मी' केला की 'खिबीम त्यि' होतं, आणि त्याचा अर्थ 'तुला माझी आठवण येते' असा उलटा लागतो. नव्या जोडप्यांच्या संदेशांत ही चूक फार दिसते.

'आय ॲम वॉर्म'चं शब्दशः 'यसेम तेप्ली' करू नका. बोलीत तो समलिंगी पुरुषाबद्दलचा, बऱ्याचदा हिणवणारा शब्द आहे.

१०. 'लाइक' आणि 'लव्ह'साठी काय?

पाहून आवडलं (घर, साडी, गाव, चेहरा): 'लीबी से मि तो'. चवीला आवडलं: 'खुत्ना मि तो'. सवयीने, कायमचं आवडतं, आपुलकी आहे: पुरुष म्हणेल 'माम राद', स्त्री म्हणेल 'माम रादा'. जेवायला बोलावलेल्या घरी पदार्थाला 'लीबी से मि' म्हटलं, तर ताट दिसायला छान आहे असा अर्थ होतो. त्या माउलीला 'खुत्ना मि' ऐकायचं असतं.

'मिलुयु त्ये' म्हणजे खरंखुरं 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. ते इंग्रजीसारखं फोन ठेवताना सहज म्हणत नाहीत. आईवडील, मुलं, जवळचे मित्र यांच्यात 'माम त्ये राद' किंवा 'रादा' चालतं, आणि त्यात माया भरपूर असते.

११. माझ्या मित्राची ओळख 'मूय प्र्झीतेल' अशी करून दिली तर सगळे गालात का हसले?

तुम्ही स्त्री असाल तर त्याचा अर्थ 'माझा प्रियकर' असा लागतो, पुरुषाने 'मोये प्र्झीतेल्किन्ये' म्हटलं तर 'माझी प्रेयसी'. मित्रासाठी 'कामाराद', मैत्रिणीसाठी 'कामाराद्का', नुसत्या ओळखीच्या माणसासाठी 'झ्नामी'. आणि चेक माणूस पटकन कोणाला 'कामाराद' म्हणत नाही, म्हणाला तर मनापासून म्हणतो.

१२. 'आय ॲम गोइंग टू ब्र्नो' म्हणताना चूक काय होते?

'यदु' म्हणजे पायी जातो. प्रागहून ब्र्नोला 'यदु' म्हटलं तर दोनशे किलोमीटर चालत निघालात असं होईल. गाडीने जाणं 'येदु', विमानाने 'लेत्यीम', नेहमी पायी जाणं 'खोद्यीम', नेहमी गाडीने जाणं 'येझ्द्यीम'. मराठीचा 'जातो' इथे उपयोगी पडत नाही, हे पाठच करावं लागतं.

१३. कॅफेत 'आय विल हॅव अ कॉफी' कसं म्हणू?

'दाम सि कावु'. शब्दशः 'स्वतःला कॉफी देतो', म्हणजे आपलं 'मी कॉफी घेतो'. 'हॅव'चं भाषांतर करून 'बुदु मीत' म्हणायला जाऊ नका. आकड्यांकडेही लक्ष द्या: एक 'पिवो' (बिअर), दोन ते चार 'पिवा', पाचापासून पुढे 'पिव'. पैशांचंही तसंच: 'कोरुना', 'कोरुनि', 'कोरुन'.

१४. डॉक्टरकडची वेळ 'पूल ओस्मे' सांगितली. हाफ पास्ट एट ना?

नाही, साडेसात. 'पूल ओस्मे' म्हणजे आठव्या तासाचा अर्धा. याच हिशेबाने 'च्त्व्र्त ना ओसम' म्हणजे सव्वासात आणि 'त्र्झि च्त्व्र्त्ये ना ओसम' म्हणजे पावणेआठ. इंग्रजीतून गेलात की तासभर उशिरा पोहोचाल.

मराठीत ही मोजणी अजून शिल्लक आहे, हे आपल्या लक्षात येत नाही इतकंच. 'अडीच' हा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आला, म्हणजे 'तिसरा अर्धा'. चेकमध्ये अडीच वाजले तर 'पूल त्र्झेत्यी', अगदी तीच रचना. मला या दोन भाषांतलं हे नातं सगळ्यात आवडतं. 'अडीच' लक्षात ठेवा, बाकीची घड्याळं आपोआप लागतील.

१५. चेकमध्ये 'द' आणि 'अ' नाहीत. मग 'अ बुक' की 'द बुक' हे कसं कळतं?

शब्दांच्या क्रमाने, जसं मराठीत. 'ना स्तोले ये क्निहा': टेबलावर (एक) पुस्तक आहे. 'क्निहा ये ना स्तोले': (ते) पुस्तक टेबलावर आहे. प्रत्येक 'द'साठी 'तेन' घालत बसलं तर वाक्य जड होतं.

१६. 'हिज बॅग'साठी 'येहो' लिहिलं, शिक्षिकेने खोडून 'स्वोउ' केलं. का?

'त्याने आपली पिशवी घेतली' आणि 'त्याने त्याची पिशवी घेतली' यांतला फरक आठवा. पहिल्यात स्वतःची, दुसऱ्यात भलत्याच कोणाची असू शकते. चेकमध्ये 'स्वूय' (आणि त्याची रूपं) म्हणजे हा 'आपला'. फरक इतकाच की तो 'मी' आणि 'तू' यांच्यासोबतही लागतो. कर्ता आणि मालक एकच असेल तर 'स्वूय', हा नियम धरा. मालक उघडच असेल तर तोही गाळतात: 'स्त्रात्यिल यसेम पास', पासपोर्ट हरवला. स्त्रीने 'स्त्रात्यिला' म्हणायचं.

१७. इंग्रजीसारखे दिसणारे कोणते शब्द फसवतात?

बरेच. 'एवेन्तुआल्न्ये' म्हणजे 'गरज पडल्यास, कदाचित'. इंग्रजीतल्यासारखं 'अखेरीस' नाही. करारात ही चूक महागात पडते. 'आक्तुआल्नी' म्हणजे सध्याचा, ताजा. 'सिम्पातित्स्की' माणूस म्हणजे मन जिंकणारा, सहानुभूती दाखवणारा नाही. 'शेफ' म्हणजे साहेब, स्वयंपाकी 'कुखार्झ'. 'होस्त' म्हणजे पाहुणा, यजमान नव्हे. 'गिम्नाझियुम' ही माध्यमिक शाळा, तिथे व्यायामशाळा शोधू नका. 'आम्बुलान्त्से' म्हणजे बाह्यरुग्ण विभागही, त्यामुळे पाटी वाचून गाडीची वाट पाहू नका. 'प्रोमोत्से' म्हणजे पदवीदान. आणि डबाबंद पदार्थात काय घातलंय हे विचारताना 'प्रेझेर्वातिव' म्हणू नका, तो निरोधचा शब्द आहे. टिकाऊपणासाठी घालतात ते 'कोन्झेर्वान्त'.

मराठी कानालाही दोन शब्द फसवतात. 'मामा' म्हणजे आई. 'बाबा' म्हणजे म्हातारी, आणि तेही फारसं आदराने नाही. आपली मुलं पाळणाघरात वडिलांना 'बाबा' म्हणून हाक मारतात, तेव्हा बाईंना आधीच सांगून ठेवलेलं बरं. आजीसाठी प्रेमाचा शब्द 'बाबिच्का'.

१८. इंग्रजी वाक्प्रचारांना चेकमध्ये काय म्हणतात?

सगळ्यात जास्त प्रश्न याच विषयावर येतात, म्हणून जरा सविस्तर.

मुसळधार पावसाला इंग्रजीत मांजरं-कुत्री लागतात. चेकमध्ये 'लेये याको स कोन्वे', झारीतून ओतावं तसा पडतो, किंवा 'पादायी त्राकार्झे', हातगाड्या कोसळतात. काहीच कळलं नाही की इंग्रज 'ग्रीक' म्हणतो, चेक माणूस 'श्पान्येल्स्का वेस्न्यित्से', म्हणजे स्पॅनिश खेडं. 'वन्स इन अ ब्लू मून'ला 'येद्नोउ झा उहेर्स्की रोक', हंगेरियन वर्षातून एकदा. 'फिंगर्स क्रॉस्ड'साठी बोटं एकमेकांवर चढवत नाहीत, अंगठा मुठीत धरतात: 'द्र्झीम त्यि पाल्त्से'. परीक्षेला जाणाऱ्याला 'झ्लोम वाझ', मान मोड, असं शुभेच्छा म्हणून सांगतात. घाबरू नका. 'बीट अराउंड द बुश' म्हणजे गरम खिरीभोवती फिरणं, 'खोद्यित कोलेम होर्के काशे'. न पाहता वस्तू घेणाऱ्याने इंग्रजीत पोत्यातलं डुक्कर घेतलेलं असतं, चेकमध्ये पोत्यातला ससा.

काही ठिकाणी आपली म्हण हाताशीच असते. एका दगडात दोन पक्षी: चेकमध्ये एका फटक्यात दोन माश्या, 'झाबीत द्व्ये मोउखि येद्नोउ रानोउ'. आगीतून फुफाट्यात: 'झ ब्लाता दो लोउझे', चिखलातून डबक्यात. राईचा पर्वत: 'द्येलात स कोमारा वेल्ब्लोउदा', डासाचा उंट करणं. नाव घेतलं आणि माणूस दारात हजर झाला, तर आपण 'शंभर वर्षं आयुष्य' म्हणतो. चेक म्हणतात 'मि ओ व्ल्कु आ व्ल्क झा द्वेर्झ्मि', आपण लांडग्याबद्दल बोलतोय आणि लांडगा दाराआड.

'नो पेन, नो गेन'ला 'बेस प्रात्से नेय्सोउ कोलाचे': कामाशिवाय कोलाचे नाहीत. कोलाच म्हणजे खसखस, दही-चीज किंवा आलुबुखाराचं सारण घातलेली गोड भाकरी, लग्नात हमखास असते. आणि 'अतिथी देवो भव' तर जसंच्या तसं भेटतं: 'होस्त दो दोमु, बूह दो दोमु', पाहुणा घरात, देव घरात.

एक म्हण मात्र कुठल्याच भाषेत नीट जात नाही: 'पोझ्द्ये बिखा होन्यित'. 'बिख' हे 'मी केलं असतं'मधल्या 'असतं'चं रूप. उशीर झाल्यावर 'असतं'च्या मागे धावणं, म्हणजे आता हळहळून उपयोग नाही. इंग्रजीतल्या सांडलेल्या दुधासाठी हीच वापरतात.

१९. इंग्रजी वाक्प्रचाराचं शब्दशः चेक केलं तर समजतं का?

कधी कधी. 'नॉट माय कप ऑफ टी'चं शब्दशः रूप चेकमध्ये आता रुळलं आहे, वर्तमानपत्रांतही दिसतं. पण खात्री नसेल तर साधं बोला: 'तो नेन्यी नित्स प्रो म्न्ये', हे माझ्यासाठी नाही. साध्या वाक्याने कोणाचं अडत नाही. शब्द रुळला आहे का हे तपासायची युक्ती प्रश्न २२ मध्ये आहे.

२०. माझं नाव प्रकाश. सहकारी 'प्रकाशि' का म्हणतात?

हाक मारताना चेकमध्ये नावाला संबोधन विभक्ती लागते. आपल्याकडे 'देवा', 'मुलांनो' यांत ती आहे, चेकमध्ये प्रत्येक नावाला. प्रकाशचं 'प्रकाशि', रोहनचं 'रोहने', अभिषेकचं 'अभिषेकु', प्रियाचं 'प्रियो'. ते तुमचं नाव बिघडवत नाहीत. तुम्हाला आपल्यातलं धरतात. ईमेलमध्येही 'वाझेनी पाने' (आदरणीय महोदय) नंतर आडनाव याच विभक्तीत घालतात, मग स्वल्पविराम, आणि पुढची ओळ लहान अक्षराने सुरू होते. इंग्रजी 'डिअर'साठी 'मिली' फक्त जवळच्या माणसाला.

२१. मलाही आडनावापुढे 'ओवा' लावावं लागेल का?

चेक स्त्रियांच्या आडनावाच्या शेवटी सहसा 'ओवा' हा प्रत्यय असतो, म्हणून हा प्रश्न. पासपोर्टवर आहे तेच आडनाव कागदोपत्री राहतं. बोलताना, बातम्यांत परदेशी स्त्रियांच्या नावापुढे 'ओवा' जोडण्याची पद्धत आहे: अँगेला मेर्केलोवा. चेक स्त्रियांनाही १ जानेवारी २०२२ पासून कारण न देता 'ओवा'शिवायचं आडनाव घेता येतं.

२२. कोणता शब्दकोश वापरू? मशीनचं भाषांतर चालेल का?

झटपट अर्थासाठी सेझ्नाम संकेतस्थळाचा शब्दकोश. एखादा शब्द खरंच कसा वापरतात हे पाहायचं तर चेक राष्ट्रीय कॉर्पस (प्रत्यक्ष वापरातल्या मजकुरांचा मोठा संग्रह), प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाचा. त्याचं 'त्रेक' हे साधन इंग्रजी शब्दाला प्रत्यक्ष भाषांतरांत कोणते चेक शब्द आले, तेही वारंवारितेसह दाखवतं. शुद्धलेखन आणि विभक्तीसाठी चेक भाषा संस्थेची ऑनलाइन पुस्तिका.

मशीन दोन ठिकाणी हमखास घसरतं. 'यू'चं 'ति' की 'वि' (प्रश्न ५), आणि लिंग. 'आय वॉज टायर्ड' टाकलं की बहुधा 'बिल यसेम उनावेनी' मिळतं, पुरुषाचं. स्त्रीने 'बिला यसेम उनावेना' लिहायला हवं. आपण 'होतो' आणि 'होते' करतो तसंच.

२३. वर्गात 'दोब्री' शिकलो, प्रागमध्ये सगळे 'दोब्रेय' म्हणतात. कोण बरोबर?

दोघंही. 'दोब्री' प्रमाणभाषा, 'दोब्रेय' बोहेमियाची, म्हणजे प्राग असलेल्या पश्चिम भागाची, बोली. तिथे 'ओक्नो' (खिडकी) चं 'वोक्नो' होतं. तुम्ही प्रमाण बोला, बोली समजून घ्या. मोराव्हियात, म्हणजे ब्र्नो असलेल्या पूर्व भागात, शब्दही बदलतात: प्रागची 'त्राम्वाय' (ट्राम) ब्र्नोत 'शालिना' होते.

२४. महिन्यांची नावं इंग्रजीशी जुळतच नाहीत. कागदपत्रांत काय लिहू?

ती स्लाव्हिक नावं आहेत: 'लेदेन' (जानेवारी) बर्फावरून, 'क्व्येतेन' (मे) फुलांवरून, 'लिस्तोपाद' (नोव्हेंबर) पानगळीवरून. जून 'चेर्वेन' आणि जुलै 'चेर्वेनेत्स', हे दोन फार गोंधळात टाकतात. म्हणून फॉर्मवर तारीख आकड्यांतच लिहा. क्रम आपलाच, दिवस आधी, महिना नंतर.

२५. जन्मदाखल्याचं चेक भाषांतर मी स्वतः केलं तर चालेल का?

सरकारी कामासाठी नाही. तिथे 'सोउद्नी प्र्झेक्लाद' लागतं, म्हणजे न्यायालयीन भाषांतरकाराने गोल शिक्का मारून दिलेलं. १ जानेवारी २०२१ पासून दुभाषे आणि भाषांतरकार यांची कायद्याने वेगळी नोंद होते, त्यामुळे 'भाषांतरकार' शोधा. यादी न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भाषेनुसार मिळते. महाराष्ट्रातल्या जन्मदाखल्यावर बहुधा इंग्रजीही असते, तेव्हा इंग्रजी-चेक भाषांतरकार पुरतो. मजकूर देण्याआधी दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना ते बघा, आणि जुळत नसेल तर भारतातूनच दुरुस्त करून आणा.